मोहाखाली आग नको, खराटा घ्या: फाल्गुन ते ज्येष्ठ, झाडीपट्टीसाठी सल्ला

धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या, धानामागून घेतलेली लाखोळीची डाळही उपटून झाली. आता धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) आणि जंगलातला मोह पानं गाळतो आहे. होळीच्या आगेमागे फुलं पडायला लागतील आणि गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडच्या घरांत पहाटे टोपल्या निघतील. फुलं वेचायची कशी हे इथे कुणाला शिकवायची गरज नाही. सांगायचं आहे ते वेचणीच्या आदल्या आठवड्यात आपण जे करतो त्याबद्दल.

झाडाखाली पाचोळा साचला की फुलं दिसत नाहीत, म्हणून आपण काडी ओढतो. आग दहा-वीस हातांत विझेल असं वाटतं. विझतेही, पण पाचोळ्याखाली एखादा ओंडका किंवा शेणाची गोवरी धुमसत राहते. दुपारी वारा सुटला की तीच ठिणगी उताराने वर चढते, आणि तोवर आपण घरी जेवायला बसलेलो असतो. मोहफुलांच्या हंगामातले कितीतरी वणवे असे, कुणी मुद्दाम न लावता लागतात.

वणवा दिसतो तरी. त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. तुमच्या ओळखीचे दहा मोह आठवा. त्यात आजोबांच्या वेळचे किती आणि मनगटाएवढे किती? बहुतेक गावांत मनगटाएवढा मोह शोधून सापडत नाही. फूल आपण वेचतो, टोळ (मोहाचं फळ-बी) आपण वेचतो, त्यातून एखादी बी चुकून रुजलीच तर पुढच्या फाल्गुनात तिच्यावरून आग फिरते. म्हातारी झाडं उभी आहेत म्हणून जंगल भरलेलं वाटतं, एवढंच. शिवाय दरवर्षी बुंध्याशी आग लागली की साल भाजते, खोड खालून पोकळ होतं आणि मग रोहिणीच्या वादळात झाड आडवं. आमच्याच धुऱ्यावरचा एक मोह असा गेला. तेव्हा आम्ही वादळाला बोल लावला होता.

खराट्याचं काम

पहिली फुलं पडायच्या चार-पाच दिवस आधी झाडाच्या घेराएवढी जागा बांबूच्या खराट्याने झाडून घ्या. घेराएवढीच, सगळं जंगल झाडायचं नाही; बाकीचा पाचोळा जमिनीची ओल धरून असतो. दोन माणसांना एका मोठ्या झाडाला तासाभराचं काम आहे. गोळा केलेला पाचोळा बैलगाडीने बांधीत नेऊन टाका किंवा नाडेपच्या, म्हणजे कंपोस्ट खताच्या, टाक्यात भरा. ही पद्धत काढणारे पांढरीपांडे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे, म्हणजे आपल्याच विदर्भातले, आणि टाकं भरायला पाचोळ्याइतकं फुकट काही मिळत नाही.

शेतातल्या मोहाला जाळी बांधता आली तर फारच चांगलं. रोपवाटिकेवर घालतात ती हिरवी शेडनेट चार बांबूंना कमरेच्या वर बांधा, मध्ये थोडा झोळ ठेवा म्हणजे फुलं तिथे जमतील. जाळी बारीक विणीचीच हवी. मासे धरायच्या जाळ्यात पाखरं आणि रानजनावरं अडकतात. जुन्या साड्या जोडूनही काम भागतं. माती-खडे लागत नाहीत, वाकून कंबर धरत नाही, आणि स्वच्छ फुलाला व्यापारी दोन रुपये जास्त देतो. खोल जंगलात मात्र जाळीचा नाद सोडा, अस्वल ती एका रात्रीत फाडेल.

फांद्या झोडपू नका. मोहाचं फूल गळतं तेव्हा गळते ती रसाळ पाकळी. फळ जिथे धरायचं तो भाग देठाशीच राहतो. म्हणून पडलेलं फूल वेचल्याने टोळीचं काहीच कमी होत नाही. काठीने झोडपलं तर मात्र दोन्ही जातं.

याच दिवसांत झाड उघडंबोडकं असतं तेव्हा वर पाहा. पानं नसलेल्या मोहावर एखादा हिरवागार झुपका दिसला तर ते बांडगूळ आहे. नुसता झुपका ओढून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीच्या आत असतात. गाठीच्या हातभर खालून फांदीच कापा, आणि बांडगुळाला फळं धरायच्या आत कापा, नाहीतर पाखरं ते शेजारच्या झाडावर नेतील.

पहाटेची घाई

फुलं रात्रभर आणि पहाटे पडतात, म्हणून सगळे अंधारात निघतात. अस्वलालाही तेवढीच घाई असते, आणि ताडोबाच्या भोवतालच्या गावांना वाघाचं वेगळं सांगायला नको. वाकून वेचणारा माणूस मागून चौपायी जनावरासारखा दिसतो. चांगलं उजाडल्यावरच जा, चार-पाच जण मिळून जा, बोलत राहा, आणि एकाने फक्त उभं राहून भोवती बघायचं. तासाभराने पाळी बदला. तासभर उशीर झाला म्हणून फूल खराब होत नाही. लेकरांना सोबत नेऊ नका.

वाळवताना फुलं शेणाने सारवलेल्या जमिनीपेक्षा बांबूच्या तट्ट्यावर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरा आणि दिवसातून दोन-तीनदा उलथा. ओली चार-पाच किलो वाळून किलोभर होतात, तेव्हा वजनासाठी अर्धवट वाळलेला माल विकायचा मोह होतो (शब्दच तसा आहे!). पण असा माल पोत्यात तापतो, काळा पडतो, आंबतो. मूठभर फुलं दाबून बघा: हाताला चिकटली नाहीत आणि मूठ सोडल्यावर सुटी झाली की भरा. खताची किंवा औषधाची रिकामी पोती कधीच वापरू नका. हे फूल लोक खातात. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा.

तेंदू आणि चार (चारोळी)

तेंदूच्या खुटकटाईचे, म्हणजे बिडीच्या पानासाठी झुडपं छाटायचे, हेच दिवस. आग लावली की पानं चांगली येतात असं अजून सांगितलं जातं. खरं तर नवी पालवी येते ती खुट कापल्यामुळे. धारदार विळ्याने जमिनीलगत कापलं की साधारण दीड महिन्यात तोडायजोगं पान तयार होतं, आगीची गरजच नाही. मोठ्या तेंदूच्या फांद्या तोडून पान काढायचं नाही. त्याचं फळ माणसांना, अस्वलांना, पाखरांना सगळ्यांना लागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर याच जाळण्या-तोडण्यापायी तेंदू तोडणंच थांबवलं आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला ते परवडेल असं नाही, पण आग बंद करणं सगळ्यांना परवडतं.

चारोळीचं दुखणं वेगळं. दुसरा आधी नेईल या भीतीने आपण हिरवा चार तोडतो आणि आत गर भरलेलाच नसतो. फळ काळं पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, अशी तारीख ग्रामसभेने ठरवून दवंडी द्यावी. दुसरा इलाज नाही.

वणवा लागलाच तर

वनविभागाच्या हिशेबी आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. आग दिसताच वनरक्षकाला किंवा 1926 या क्रमांकावर कळवा. उपग्रहावरून इशारा येतो, पण छोटी आग तुमच्या डोळ्याला आधी दिसते. विझवायला जाल तर सुती कपडे घाला, हिरव्या पाल्याच्या डहाळ्या घ्या, जळून गेलेल्या बाजूने झोडपत जा. उतारावर आगीच्या वरच्या बाजूला कधीच उभे राहू नका. विझल्यावर धुमसणारे ओंडके उलटून, माती टाकून मगच निघा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी हंगामापुरती दोन-तीन पोरांची रोजंदारी ग्रामनिधीतून काढावी. तेंदूच्या एका दिवसाच्या नुकसानीपेक्षा ती स्वस्त पडते.

टोळ हाती आली की

ज्येष्ठात टोळ पडायला लागते. तेलासाठी न्या, पण प्रत्येक झाडाखालची ओंजळभर ठसठशीत बी बाजूला काढा. मोहाची बी टिकत नाही. वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवली तर उगवणार नाही. आठ-पंधरा दिवसांतच लावा. मूळ सरळ खोल जातं, म्हणून पिशवी लांब घ्या, किंवा पहिला पाऊस पडल्यावर धुऱ्यावर थेट दोन-दोन बिया टोचा, दोन झाडांत तीस-पस्तीस फूट अंतर ठेवून. फुलं यायला दहा वर्षं तरी लागतील. भोवती बोरीच्या काट्या रोवा आणि उन्हाळ्यात काट्याभोवतीचं गवत कापून टाका. पहिली तीन वर्षं शेळी आणि आग, दोघींनाही तिथे फिरकू द्यायचं नाही.