लातूरला घरी ६ फुटी फायबरचा फिश टँक बसवला, गळती कशी थांबवली

लेकराला मासे लई आवडतात म्हणून ६ बाय २ बाय २ चा फायबरचा टँक घेतला, समोरून काच. काचेच्या टँकपेक्षा हलका, पण पाणी भरलं की खेळ बदलतो, २४ घनफूट म्हणजे जवळपास ६८० लिटर, तितकेच किलो! वरच्या मजल्यावर ठेवायचा हट्ट मी सोडला, खाली हॉलमधे पक्क्या फरशीवर ठेवला.

भरला त्याच रात्री काचेच्या डाव्या कोपऱ्याखालचं प्लाय बोटाला ओलं लागलं. दुकानदार म्हणला घाम असल. मी टिश्यू पेपर चिकटवून ठेवला, सकाळी भिजून लगदा. मग गवंडीकाकांना बोलवलं, त्यांनी पाण्याची लेव्हल नळी लावली तर स्टँड एका बाजूला सव्वा सेंटीमीटर खाली, त्यामुळं टँक पिळला जाऊन काचेचा जॉइंट उघडत होता.

टँक रिकामा केला (पाणी झाडांना घातलं, लातूरकराला पाणी फेकवत नाही, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही प्यालोय), स्टँडच्या पायाखाली लोखंडी पट्ट्या, वर थर्माकोल शीट. जुनं सिलिकॉन ब्लेडनं पूर्ण खरवडून काढा, जुन्यावर नवं धरत नाही. बुरशीनाशक नसलेलं अक्वेरियमचंच सिलिकॉन घ्या, बाथरूमचं नको. नवं लावल्यावर त्याचा व्हिनेगरसारखा वास जाईपर्यंत थांबलो, ३ दिवस.

आता फिल्टर चालू आहे, मासे अजून सोडले नाहीत, पाण्यातलं अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्यावर येईपर्यंत महिनाभर तरी लेकराला थांबवायचंय.