पहिलं पुस्तक पुरस्कारासाठी पाठवताना

माझा पहिला कवितासंग्रह आला तेव्हा मला वाटायचं, पुस्तक चांगलं असेल तर पुरस्कार देणारे आपणहून दखल घेतील. तसं सहसा होत नाही. आपल्याकडे बहुतेक पुरस्कारांसाठी पुस्तकं मागवली जातात. लेखकाने किंवा प्रकाशकाने मुदतीत प्रती पाठवायच्या असतात. आवाहन वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येऊन जातं, त्यामुळे रोज नजर ठेवावी लागते.

माझं पहिलं वर्ष एका तारखेपायी वाया गेलं. पुस्तकावर 'प्रथमावृत्ती : २५ डिसेंबर' छापलं होतं, पण बांधणी रखडली आणि प्रती हातात आल्या फेब्रुवारीच्या मध्यावर. तोवर डिसेंबरअखेरपर्यंतच्या पुस्तकांसाठी असलेल्या बऱ्याच मुदती उलटल्या होत्या. नव्या वर्षासाठी पाठवावं, तर छापील तारीख जुनी! बक्षीस देणारे ही छापील तारीखच बघतात. राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारही जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरूनच दिले जातात. म्हणून पुस्तक वर्षाच्या शेवटी येत असेल तर प्रकाशकाला सरळ सांगा, जानेवारीची तारीख घाला.

याच शासकीय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे. पहिल्या कवितासंग्रहाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाने आहे. पुस्तक अजून छापायचंच असेल, तर राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. पस्तिशीच्या आतल्यांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही आहे, २०११ पासून, ५० हजार रुपयांचा.

पण सुरुवात जवळून करा, असं मी कळकळीने सांगेन. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), नागपूरचा विदर्भ साहित्य संघ (१९२३), मराठवाडा साहित्य परिषद, कोकणातली कोमसाप (कोकण मराठी साहित्य परिषद), शिवाय तालुक्यातालुक्यांतली सार्वजनिक वाचनालयं, यांच्या पुरस्कारांकडे आधी बघा. वाचनालयांचे पुरस्कार बहुधा कुणाच्या तरी आईवडिलांच्या स्मृतीप्रीत्यर्थ असतात. रक्कम लहान असते, पण परीक्षक आपल्याच मातीतले असतात. बोलीतल्या शब्दाला तळटीप द्यावी लागत नाही.

एक सावधगिरी. "तुमची निवड झाली आहे, नोंदणीचे दीड हजार भरा" असा फोन मलाही आला होता. मी भरले नाहीत. निवड झाल्यावर लेखकाकडून पैसे मागणारा पुरस्कार घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मला पहिला पुरस्कार एका वाचनालयाचा मिळाला. शाल, श्रीफळ आणि छोटा धनादेश. कार्यक्रम संपल्यावर परीक्षक असलेले निवृत्त शिक्षक माझ्याजवळ आले. मी पाठवलेली प्रत त्यांच्या हातात होती आणि तिच्या पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. एका कवितेत 'सांज' हा शब्द दोनदा आला होता, तिथे त्यांनी बारीक गोल केला होता. "इथं घाई झाली," एवढंच म्हणाले. त्याआधी माझं पुस्तक इतकं सावकाश कुणीच वाचलं नव्हतं.

ती प्रत वाचनालयानेच ठेवून घेतली. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तिच्यावर दाखल क्रमांक पडला होता आणि मागच्या चिठ्ठीवर चार तारखांचे शिक्के होते.