ओदिसेआस आंद्रूत्सोसचं आयुष्य समजून घ्यायचंय? मग या क्रमानं वाचा

ओटोमन तुर्कांविरुद्धचं ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध वाचायला घेतलं की ग्रीक सेनापती कोलोकोत्रोनिस आणि इंग्रज कवी लॉर्ड बायरन ही दोन नावं लगेच भेटतात, पण ते युद्ध आतून कसं होतं हे कळायचं असेल तर माझ्या मते ओदिसेआस आंद्रूत्सोसला पर्याय नाही. मे १८२१ मध्ये ग्राविया नावाच्या गावातल्या एका सराईत जेमतेम १२० माणसं घेऊन त्यानं हजारोंची ओटोमन फौज अडवली, आणि जून १८२५ मध्ये त्याच्याच लोकांनी फितूर ठरवून त्याला अथेन्सच्या अक्रोपोलिसवर मारला. मधे फक्त चार वर्षं. वाचणारा साहजिकच विचारतो की हा माणूस वीर होता की फितूर, आणि नेमकी इथेच गाडी घसरते, म्हणून हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा, आधी खालची कामं करा.

पहिलं काम तारखांचं. कंटाळवाणं आहे पण हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. त्या काळी ग्रीक लोक जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरायचे, ग्रीसनं नवीन कॅलेंडर घेतलं ते थेट १९२३ मध्ये, आणि एकोणिसाव्या शतकात या दोघांत १२ दिवसांचा फरक होता. म्हणजे ग्रावियाची लढाई एका पुस्तकात ८ मे दिसेल आणि दुसऱ्यात २० मे, दोन्ही बरोबर. मी सुरुवातीला असल्या दोन तारखा बघून दोन वेगळ्या घटना समजून बसलो होतो आणि टिपणं सगळी परत काढावी लागली. तेव्हा वहीत एकच पद्धत धरा, मी जुनी धरतो आणि खाली तीच वापरलीय.

मग नावं. माणसाचं नाव कुठे ओडिसियस, कुठे ओदिसेआस, जुन्या इंग्रजी लिखाणात चक्क युलिसीस असं येतं. त्याचा जन्म इथाकी बेटावरचा, होमरच्या ओडिसियसचं बेट तेच, नाव तिथून आलं. गावांचं जरा जास्त अवघड आहे कारण तेव्हाची नावं आज नकाशावर सापडत नाहीत: झितूनी म्हणजे आजचं लामिया, सालोना म्हणजे आम्फिसा, वेलित्सा म्हणजे तिथोरेआ, नेग्रोपोंते म्हणजे एव्हिया बेट, मोरिया म्हणजे पेलोपोनीज आणि रूमेली म्हणजे साधारण मध्य ग्रीस. ओदिसेआस रूमेलीचा कॅप्टन. हे रूमेली-मोरिया प्रकरण लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरूनच रक्त सांडलंय.

आता नकाशा उघडा आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे बोट फिरवा. लामिया, तिच्या खाली स्पेर्खिओस नदी, तिच्यावरचा अलामानाचा पूल, शेजारीच थर्मोपिली. तिथून डोंगरातनं एक वाट ग्रावियावरून आम्फिसाला उतरते आणि आम्फिसाच्या पुढे कोरिंथचं आखात, पलीकडे मोरिया. बंडाचा जोर मोरियात होता, ओटोमन फौज लामियाला होती, म्हणजे फौजेला खाली उतरायचं तर असल्या खिंडीच पार करायला लागणार. हे एकदा डोळ्यासमोर आलं की एका मामुली सराईसाठी एवढी मारामारी का झाली ते वेगळं सांगायला लागत नाही.

चौथं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे दोनतीन शब्द नीट समजून घेणं. क्लेफ्ट म्हणजे डोंगरात राहून लूटमार करणारा बंडखोर. आर्मातोलोस म्हणजे ओटोमन सरकारनंच नेमलेला ख्रिश्चन शिबंदीचा कॅप्टन, ज्यानं आपल्या भागात क्लेफ्टांचा बंदोबस्त करायचा. गंमत अशी की माणसं बऱ्याचदा तीच असायची, आज क्लेफ्ट, उद्या सरकारनं वाटाघाट केली की आर्मातोलोस, परवा बिनसलं की परत डोंगरात. कॅप्टनचा जो इलाखा तोच त्याचा संसार, त्यातूनच त्याच्या माणसांचं पोट चालायचं, इलाखा गेला की माणसं गेली आणि माणसं गेली की कॅप्टन संपला. आणि तिसरा शब्द कपाकी. मूळ अर्थ झाकण. कॅप्टन लोक शत्रूच्या पाशाशी जो तात्पुरता तह करायचे त्याला हे नाव, आपल्याकडे जुन्या कागदांत कौल घेतला असं येतं ना तसंच काहीसं. वेळ काढायला, पीक वाचवायला, गावं जळू नयेत म्हणून कपाकी व्हायची आणि मोडायचीही, रूमेलीच्या कॅप्टनांमध्ये ही रूढ गोष्ट होती. हे माहीत नसताना "ओदिसेआसनं तुर्कांशी बोलणी केली" एवढं एक वाक्य वाचलं तर निकाल वाचायच्या आधीच लागतो.

एवढी तयारी झाली की मग माणसाकडे या, आणि सुरुवात बापापासून करा. बाप आंद्रेआस नावाजलेला क्लेफ्ट, समुद्रावर लढणाऱ्या लांब्रोस कात्सोनिसच्या बरोबरचा. तो व्हेनिसवाल्यांच्या मुलखात पकडला गेला, त्यांनी त्याला ओटोमनांच्या हवाली केलं आणि १७९७ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलला कैदेत संपला. पोरगा तेव्हा लहान. पुढे तो वाढला कुठे तर यानिनाला अली पाशाच्या दरबारात. अली पाशा सुलतानाचा सुभेदार खरा पण वागायचा स्वतंत्र राजासारखा, आणि त्याच्या पदरी अल्बेनियन मुसलमान आणि ग्रीक ख्रिश्चन दोन्ही पोरं एकत्र तयार होत होती. लढणं, बोलणी करणं, कुणावर किती विश्वास ठेवायचा, सगळं शिक्षण तिथलं. अलीनंच त्याला १८१६ च्या सुमारास लिवादियाचा आर्मातोलोस केला. ग्रावियाला त्याच्यावर चालून आलेला ओमर व्र्योनी हाही अलीच्याच दरबारातला, दोघं एकमेकांना ओळखत होते! हा धागा सोडला तर पुढचं काहीच लागत नाही.

ग्राविया मात्र सावकाश वाचा. २३ एप्रिल १८२१ ला अलामानाच्या पुलावर ग्रीक कॅप्टन अथानासिओस दियाकोस पकडला गेला आणि त्याला हालहाल करून मारलं. त्यानंतर दोनच आठवड्यांत ओदिसेआस ग्रावियाला पोचतो. बाकीचे कॅप्टन दोन्ही बाजूंच्या उंचावर जागा धरतात, हा म्हणतो मी सराईत राहतो, कोण येतंय. सांगतात की त्यानं नाचाचा फेर धरला आणि ज्याला यायचं त्यानं हात धरावा असं म्हणाला, साधारण १२० जण त्या फेरात आले. मातीच्या विटांची साधी सराई, भिंतींना बंदुकांसाठी भोकं पाडली. व्र्योनीनं बोलणं करायला एक दर्वेश पाठवला, त्याला ओदिसेआसनं गोळी घातली, हेही लिहून ठेवा, वीराच्या गोष्टीतून हा भाग हळूच गाळला जातो. मग दिवसभर हल्ल्यावर हल्ले, आत मोजकेच मेले, बाहेर शेकडो पडले, आणि व्र्योनीनं लामियाहून तोफा मागवल्यात हे ओळखून ही माणसं रात्रीच फळी फोडून निसटली. व्र्योनी मोरियात लगेच उतरला नाही, एव्हियाकडे वळला, आणि तिकडे कोलोकोत्रोनिसला त्रिपोलित्साच्या वेढ्यासाठी वेळ मिळाला, ते शहर २३ सप्टेंबरला पडलं. पडल्यावर तिथल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल झाली, तीही याच युद्धाचा भाग आहे, ते पान उलटून पुढे जाऊ नका.

१८२२ ला पोचलात की वहीत दोन रकाने करा, एकात तुर्कांशी काय चाललंय आणि दुसऱ्यात स्वतःच्या सरकारशी काय चाललंय. कारण आता पूर्व रूमेलीसाठी आरिओस पागोस नावाचं एक मंडळ कारभार बघायला लागलं होतं (प्राचीन अथेन्सच्या न्यायसभेचं नाव तेच, गोंधळ करू नका), त्यात शिकलेसवरलेले लोक, आणि त्यांना कॅप्टन लोक हुकुमात हवे होते. कॅप्टनला मात्र इलाखा म्हणजे स्वतःचा. लामियाजवळची मोहीम फसली, एकमेकांवर ढकलाढकली झाली, ओदिसेआसनं पद सोडलं. सरकारनं त्याच्याकडे नूत्सोस आणि पालास्कास हे दोघं पाठवले आणि ओदिसेआसच्या माणसांनी त्यांना ठार केलं. इथे कुणीही त्याची बाजू घेऊ नये असं मला वाटतं, संशय आला होता वगैरे ठीक आहे पण मारलीत ती आपलीच माणसं. त्याच उन्हाळ्यात ओटोमन सेनापती द्रामालीची मोठी फौज रूमेलीतून सरळ मोरियात गेली आणि देर्व्हेनाकियाला कोलोकोत्रोनिसनं तिचा फडशा पाडला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अथेन्स त्याच्या ताब्यात आलं. जूनमध्ये तुर्कांनी अक्रोपोलिस सोडला होता तो मुख्यतः पाणी संपल्यानं, आणि ओदिसेआसनं हे बरोबर हेरलं, त्यानं पायथ्याचा क्लेप्सिद्रा झरा बुरूज बांधून गडाच्या आत घेतला. मला या माणसाची अक्कल त्या झऱ्यात जास्त दिसते. मग त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी त्यानं ओटोमन सेनापती मेहमेद पाशाशी कपाकी केली आणि पाशाची फौज मागे फिरली. आता दोन्ही रकाने समोरासमोर ठेवा. एक रकाना म्हणतो शत्रूशी तह केला, दुसरा म्हणतो त्या तहामुळे हिवाळाभर गावं वाचली, आणि शिक्षा करायची ताकद नसलेलं सरकार त्यावर गप्प बसलं.

१८२४-२५ चं मात्र घाईघाईत वाचू नका. लंडनहून कर्ज आलं, कागदावर ८ लाख पौंड, आणि ज्याच्या हातात पैसा त्याच्या हातात माणसं असा प्रकार सुरू झाला. सरकारनं रूमेलीचे लढवय्ये मोरियातल्या विरोधकांवर सोडले, कोलोकोत्रोनिसला इद्रा बेटावर कैदेत टाकलं. ओदिसेआसचा हाताखालचा सगळ्यात जवळचा माणूस यानिस गूरास, तोही सरकारकडे गेला आणि अथेन्स त्याच्याकडे राहिलं. ओदिसेआसकडे उरली पार्नासोस डोंगरातली तिथोरेआजवळची गुहा, शिडी लावून चढायची, आत पाणी आणि दाणागोटा, तिथे घरची माणसं आणि त्याच्या सावत्र बहिणीशी लग्न केलेला इंग्रज ट्रेलॉनी. एव्हियाच्या ओमर पाशाशी (हा ग्रावियाचा ओमर व्र्योनी नव्हे) त्यानं परत कपाकी केली. पण या वेळी काळ बदलला होता, फेब्रुवारी १८२५ मध्ये सुलतानाच्या मदतीला इजिप्तची फौज घेऊन इब्राहिम पाशा मोरियात उतरला होता, आणि सरकारच्या हातात पैसाही होता, फौजही होती. एप्रिलमध्ये ओदिसेआस गूरासच्या हवाली झाला. मे महिन्यात इब्राहिमशी लढायला कुणीतरी हवं म्हणून कोलोकोत्रोनिसला सोडलं. ओदिसेआसला सोडलं नाही. ५ जूनला त्याला अक्रोपोलिसवरच्या कैदेत मारला, प्रेत खाली टाकलं आणि दोर तुटून पळताना पडला असं जाहीर केलं. खटला चाललाच नाही, आणि याची चीड मला अजून येते.

साक्षीदार निवडताना एवढं बघा की कोण कुणाचा. माक्रियानिस अथेन्समध्ये त्याच्याबरोबर होता आणि त्यानं आठवणी लिहिल्यात त्या ओदिसेआसच्या बाजूनं, ट्रेलॉनी तर मेहुणाच, आणि सरकारकडच्या माणसांना तो फितूर ठरणं सोयीचं. तिघांनाही वाचा, पण एकट्यादुकट्याच्या शब्दावर जाऊ नका.

आता तो बाजूला ठेवलेला प्रश्न घ्या. माझं मत असं की १८२१ आणि १८२५ चा ओदिसेआस एकच माणूस आहे, यानिनाला शिकलेलं जे तो जन्मभर करत आला तेच शेवटीही करत होता, फक्त एकदा त्याला लोकांनी शहाणपण म्हटलं आणि दुसऱ्यांदा फितुरी. नूत्सोस आणि पालास्कासचा खून मात्र त्याच्याच खात्यावर राहील. तुमची वही तुम्हाला वेगळं सांगत असेल तर वहीवर विश्वास ठेवा.

ग्रीसनं आपलं मत १८६५ मध्ये बदललं, त्याला सन्मानानं अथेन्सच्या पहिल्या स्मशानभूमीत पुरलं, आणि १९६७ मध्ये अस्थी प्रेवेझाला नेल्या, आईचं गाव ते. त्याला ठेवला होता तो फ्रँकिश बुरूज आता बघायला मिळत नाही, पुरातत्त्वज्ञ श्लीमनच्या पैशानं १८७५ मध्ये पाडला. पण त्याच्या आधीचे अक्रोपोलिसचे फोटो इंटरनेटवर आहेत, पश्चिमेकडून काढलेला एखादा शोधा, प्रवेशद्वाराच्या उजव्या अंगाला जो उंच चौकोनी मनोरा दिसतो तोच.