विक्रम लँडर कर्बलमध्ये उतरवायचाय? स्वतःचा मॉड असा बनवा

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलामुलींना कॅड येतं, ड्रॉइंग वाचता येतं, आणि त्यातले बरेच जण गेमही खेळतात. कर्बल स्पेस प्रोग्रॅम या यानं बांधून उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये या सगळ्याचा एकत्र उपयोग होतो. या गेमची १.० आवृत्ती २०१५ साली आली. आजही तो जिवंत आहे तो मुख्यतः चाहत्यांनी बनवलेल्या यानांवर, म्हणजे मॉडवर. अमेरिकेची आणि रशियाची यानं त्यात हवी तेवढी मिळतात. आपलं यान आपल्याच पोरांनी बनवावं, असं मला मनापासून वाटतं.

पहिलं यान कोणतं घ्यावं? मोह पीएसएलव्हीचा होतो. फलटणहून नीरा ओलांडली की वालचंदनगर लागतं आणि या रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची मोटर केसिंग तिथल्या कारखान्यात बनलेली आहेत. तरी सुरुवातीला ते नकोच. चार टप्पे, शिवाय बूस्टर, आणि प्रत्येक सांध्याचं वेगळं दुखणं. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर घ्या. आकार डब्यासारखा सरळ आहे, मुख्य आकडे इस्रोने जाहीर केलेले आहेत, आणि मॉड जमला की नाही हे उतरताना लगेच कळतं.

आधी कागद

कुपवाड एमआयडीसीत ड्रॉइंगवर मापं नसतील तर कुणी जॉब मशीनवर चढवत नाही. इथेही तोच नियम. ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी वहीत हे लिहून घ्या: लँडरची लांबी-रुंदी २ मीटर, उंची १.१६६ मीटर. वजन १,७५२ किलो, त्यात २६ किलोचा प्रज्ञान रोव्हर धरलेला. ८०० न्यूटनची चार इंजिनं. बाजूच्या सोलर पॅनेलची वीज ७३८ वॅट. जमिनीला टेकताना उभा वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत, आडवा वेग अर्ध्या मीटरपर्यंत आणि उतार १२ अंशांपर्यंत.

आता स्केल. गेममधल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर आहे, पृथ्वीची ६,३७१. तिथले यानाचे मूळ सुटे भागही त्या मानाने लहान असतात. बरेच मॉडवाले खरी मापं ०.६२५ ने गुणतात, आणि आपल्याला ते फारच सोयीचं पडतं. २ मीटरचा विक्रम १.२५ मीटरचा होतो, तर त्याला नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटचा ४ मीटरचा गाभा अडीच मीटरचा. हे दोन्ही गेमचे ठरलेले साइज आहेत. (पीएसएलव्हीचा २.८ मीटरचा व्यास १.७५ होतो आणि कशालाच बसत नाही. ते पुढच्या खेपेला.)

लांबी ०.६२५ पट झाली की घनफळ त्याच्या घनाने घटतं, म्हणजे सुमारे ०.२४४ पट. वजन आणि जोर दोन्हींना याच आकड्याने गुणा. वजन ०.४२८ टन येतं आणि प्रत्येक इंजिनाचा जोर ०.१९५ किलोन्यूटन.

इथे थांबून एक हिशेब कराच. चंद्रावर गुरुत्व १.६२, म्हणजे खऱ्या विक्रमचं तिथलं वजन साधारण २,८४० न्यूटन. चार इंजिनांचा जोर ३,२०० न्यूटन. पूर्ण भरलेल्या लँडरला जेमतेम तेरा टक्के जादा जोर मिळतो. गेममधल्या मुन या चंद्राचं गुरुत्व १.६३ आहे, म्हणजे जवळपास तेवढंच. त्यामुळे आकडे बरोबर टाकले तर तुमचा लँडर हाताला खऱ्यासारखाच जड लागेल.

फरक पडतो तो कक्षेतल्या वेगात. चंद्राजवळ तो सेकंदाला १.७ किलोमीटरच्या आसपास असतो, मुनजवळ साडेपाचशे मीटर. गेममध्ये इंधन कमी जळतं, लँडर शेवटपर्यंत जडच राहतो आणि ब्रेक लागत नाही. म्हणून टाकी अर्धीच भरून पाठवा.

राखाडी डबा उडवा

सुंदर मॉडेल आधी आणि आकडे मागाहून, या क्रमाने गेलेले मॉड अर्धवट पडतात. म्हणून पहिला लँडर कुरूपच असू द्या. गेमच्या गेमडेटा फोल्डरमध्ये स्वतःच्या नावाचा फोल्डर करा. मॉड्यूल मॅनेजर हा छोटा मॉड टाकून घ्या. त्याच्या पॅच फाइलमधून गेममधल्या एखाद्या भागाची नक्कल काढता येते, तिला नवीन नाव देता येतं आणि वजन, जोर, आकार बदलता येतो. स्क्वाडच्या, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीच्या, मूळ फोल्डरमधल्या फाइलींना हात लावू नका. भागाच्या नावात अंडरस्कोअर नको, गेम त्याचा टिंब करतो आणि मग शोधाशोध होते.

या फाइलीत वजन टनात आणि जोर किलोन्यूटनमध्ये लिहायचा असतो. न्यूटनच्या सवयीने १९५ लिहिलंत, तर थ्रॉटलला हात लागताच लँडर आकाशात नाहीसा होईल. आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका.

गेम चालू करून ऑल्ट आणि एफ१२ दाबा, चीट मेनू उघडतो. तिथल्या सेट ऑर्बिटमधून यान थेट मुनच्या कक्षेत ठेवता येतं, दर वेळी रॉकेट उडवत बसावं लागत नाही. हा राखाडी डबा नीट उतरला की मगच पुढे जा.

ब्लेंडर आणि कॅडचा सापळा

सॉलिडवर्क्ससारखं कॅड सॉफ्टवेअर येणाऱ्याला वाटतं, आपलं मॉडेल एक्स्पोर्ट केलं की झालं. तसं होत नाही. कॅडमधला प्रत्येक बोल्ट, प्रत्येक फिलेट गेममध्ये शेकडो त्रिकोण घेऊन येतो. कॅडचं मॉडेल मापांसाठी शेजारी उघडं ठेवा आणि ब्लेंडरमध्ये हलकं मॉडेल नव्याने बांधा. नोझलच्या वर्तुळाला चोवीस बाजू पुरतात. सोनेरी फॉइलच्या सुरकुत्या टेक्स्चरमध्ये (मॉडेलवर चढवायच्या चित्रात) आणि नॉर्मल मॅपमध्ये (उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात) दाखवा, त्यासाठी त्रिकोणांची जाळी वाढवू नका.

बॉडी एक भाग आणि इंजिन दुसरा, असे दोनच भाग करा. इंजिन चारदा जोडायचं. खऱ्या विक्रमने शेवटच्या टप्प्यात दोनच इंजिनं चालू ठेवली होती. इंजिन सुटं असलं की समोरासमोरची जोडी अॅक्शन ग्रुपवर, म्हणजे एका कळीवर, लावून तसंच करता येतं.

पुढचं काम युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. गेमच्या १.१२ आवृत्तीसाठी युनिटी २०१९.४.१८ आणि त्यात पार्ट टूल्स हे जोड-साधन लागतं. तिथून गेमला कळणारी एमयू फाइल निघते. दोन ठिकाणी लक्ष ठेवा. थ्रस्ट ट्रान्सफॉर्मचा, म्हणजे जोराची दिशा ठरवणाऱ्या खुणेचा, निळा बाण ज्वाला जाते त्या दिशेला, म्हणजे खाली हवा. उलटा राहिला तर इंजिन लँडरला जमिनीकडे ढकलतं.

दुसरं म्हणजे कोलायडर, टक्कर ओळखायला गेम वापरतो तो न दिसणारा आकार. तो बहिर्गोलच चालतो. बॉडी आणि चारही पाय मिळून एकच कोलायडर केलात तर पायांमधली पोकळी भरून जाते आणि लँडर न दिसणाऱ्या ठोकळ्यावर उभा राहतो. बॉडीला एक आणि प्रत्येक पायाला एक, असे वेगळे करा. दुमडणारे पाय हे अवघड प्रकरण आहे, पहिल्या मॉडमध्ये पाय पक्केच ठेवा. क्रॅश टॉलरन्स, म्हणजे भाग न फुटता सोसतो तो आदळण्याचा वेग, सेकंदाला ४ मीटर द्या. २ दिलात तर इस्रोच्या मर्यादेइतकं कडक होईल, पण शिकताना जीव मेटाकुटीला येतो.

पॅनेल आणि ऊन

विक्रमची पॅनेल बाजूच्या भिंतींवर उभी आहेत, छतावर नाहीत. तो सुमारे ६९ अंश दक्षिणेला उतरला, आणि तिथे सूर्य क्षितिजाजवळच राहतो. गेममध्ये पॅनेलचं ट्रॅकिंग, म्हणजे सूर्यामागे वळणं, बंद करून ती भिंतींवर बसवा. मग मुनच्या विषुववृत्तावर भर दुपारी उतरून बघा, वीज जवळजवळ शून्य. दक्षिणेकडे उतरा, आणि डिझाइनचं कारण डोळ्यांसमोर येतं. त्यासाठी सेट ऑर्बिटमध्ये कक्षेचा कल ९० अंश ठेवा. चांद्रयानाची कक्षाही ध्रुवावरूनच जाणारी होती.

टेक्स्चर १०२४ पिक्सेलचं, डीडीएस फॉरमॅटमध्ये पुरे. गेम सगळे भाग सुरुवातीलाच मेमरीत भरतो, त्यामुळे ८ जीबीच्या लॅपटॉपवाल्याचा विचार करा. प्रज्ञानच्या चाकांवर राजमुद्रा कोरलेली होती, पण तुमच्या टेक्स्चरवर ती नको. तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधनं आहेत.

उडी मारून बघा

३ सप्टेंबर २०२३ ला विक्रमने इंजिनं पुन्हा पेटवली, सुमारे ४० सेंटिमीटर वर उठला आणि ३०-४० सेंटिमीटर बाजूला उतरला. तुमच्या मॉडची खरी परीक्षा हीच. उतरल्यावर थ्रॉटल हलकेच वाढवा, जरा उचला, बाजूला टेकवा. कलंडला तर पाय आणखी फाकवा, किंवा भागाच्या फाइलीतल्या सीओएम ऑफसेट या आकड्याने गुरुत्वमध्य खाली घ्या. उठतानाच एका बाजूला ओढला गेला तर इंजिनं मध्यापासून सारख्या अंतरावर नाहीत.

दुसऱ्याला देताना

झिपमध्ये गेमडेटा आणि त्यात फक्त तुमचा फोल्डर. स्क्वाडची एकही फाइल नको. परवाना लिहा, म्हणजे पुढे कुणाला त्यात भर घालायची असेल तर विचारत बसावं लागणार नाही. वाचून घ्यायची फाइल मराठीतही द्या: टाकी किती भरायची, कोणत्या अक्षांशावर उतरायचं, स्केल कोणतं. देण्याआधी गेमची कोरी प्रत घेऊन त्यात मॉड्यूल मॅनेजर आणि तुमचा मॉड एवढंच टाकून चालवा. कुणी "चालत नाही" म्हणालं तर स्क्रीनशॉट नको, केएसपी लॉग ही गेमने स्वतः केलेल्या नोंदींची फाइल मागा. त्यात तुमच्या फोल्डरचं नाव शोधलं की चूक कोणत्या भागात आहे ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं सापडतं.