बर्ड फीडर करताय? आधी फांदी बघून ठेवा

मागच्या उन्हाळ्यात मी पहिला फीडर केला तेव्हा सामान आणलं, दोन तासात ठोकून मोकळा झालो, आणि टांगायला गेलो तर निंबाच्या ज्या फांदीवर डोळा ठेवला होता तिथे आखाजीचा (अक्षय तृतीयेचा) झोका बांधलेला. बहीण माहेरी आलेली, तिच्या पोरी दिवसभर झोक्यावर, तिथे कुठली चिमणी येते! मग न्हाणीच्या पत्र्यावर ठेवला, तर दुपारी पत्रा असा तापायचा की हात लावायची सोय नाही, पाखरू बसणार कसं. म्हणून यादीत पहिली गोष्ट लाकूड नाही, जागा. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बारानंतर सावली पडेल अशीच जागा बघा, सकाळचं ऊन चालतं. जमिनीपासून ५-६ फूट उंच, आणि टांगायची फांदी सोडली तर मांजर उडी मारेल अशी भिंत किंवा जाड फांदी ७-८ फुटांच्या आत नको. काचेची मोठी खिडकी असेल तर फीडर एक तर तिच्या ३ फुटांच्या आत ठेवा नाहीतर ३० फुटांच्या पुढे, मधल्या अंतरावर पाखरू काचेतलं आभाळ खरं समजून जोरात जाऊन आपटतं.

आता लाकूड. माझा पहिला प्लायचा होता, पाऊस लागला तसा पापडासारखा फुगला. सागाचे तुकडे सुताराकडे पडलेले असतात, मागून आणा, नाहीतर पॅकिंगच्या खोक्याची पाइनची फळी चालते, १२ ते १८ मिमी जाडीची, फक्त रंग किंवा वॉर्निश मारलेली जुनी फळी नको. मापं लिहून घ्या: तळ १२ बाय ९ इंच, दोन बाजूंना ९ इंच रुंद उभ्या फळ्या, त्यांचं टोक वर तिकोनी, कडेला ६ इंच आणि मधे १० इंच उंच. छपराला १४ बाय ८ च्या दोन फळ्या, त्यातली एक फळीच्या जाडीइतकी जास्त रुंद, कारण वरच्या कडेला ती दुसरीवर चढते. दाणे सांडू नयेत म्हणून तळाच्या लांब कडांना दीड इंची पट्ट्या.

हत्यारं म्हणाल तर करवत, काटकोन बघायला गुण्या, ड्रिल, पेचकस, पॉलिश पेपर, बस. खिळ्यांपेक्षा दीड इंची स्क्रू बरे, पण स्क्रूआधी बारीक बिटने भोक पाडा, नाहीतर साग कडेला सरळ चिरतो आणि मग तोंडातून काय काय निघतं ते पोरांसमोर नको!

तळाला ५-६ भोकं हवीतच, पाणी साचलं की दाणा कुबट होतो, पाखरं आजारी पडतात. इथे मी मोठा गाढवपणा केला, ८ मिमीचं बिट लावलं, बाजरी सगळी खाली, आणि जुलैत फीडरखाली हातभर बाजरी उगवलेली, आई म्हणे आता निंदणी पण कर. म्हणून भोकांवर आतून डासांच्या जाळीचा तुकडा ठोका, पाणी जातं, दाणा राहतो.

आतून काहीच लावायचं नाही. बाहेरून अळशीचं तेल दोन हात, आणि चांगलं वाळू द्या. एक गोष्ट मात्र नीट ऐका, तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते, त्यात आपला उन्हाळा. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

टांगायला जीआय म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार घ्या, दोन्ही उभ्या फळ्यांच्या टोकाला भोक पाडून ओवायची. नायलॉनची दोरी उन्हात कडक होऊन तुटते, शिवाय खार कुरतडते. खार येणारच हे धरून चाला, मी तिच्याशी भांडणं सोडलंय.

दाण्यात बाजरी, दादर (आपल्याकडची ज्वारी), तांदळाची कणी घ्या, पण पहिल्यांदा मूठभरच. शेव-फरसाण, मिठाचं काहीही नको. शेजारी मातीच्या परळात दोन इंच पाणी ठेवा, रोज बदलायचं, डास होतात. दर दोन आठवड्यांनी फीडर गरम पाण्याने घासून कडक वाळवायचा, त्यामुळे तो सहज काढता येईल असा हुक आत्ताच सामानात लिहून टाका.

टांगल्यावर आठवडाभर कोणी फिरकणार नाही, मग आधी साळुंकी येईल, भांडकुदळ आहे, होल्याला हाकलते. माझ्याकडे चिमण्या सतराव्या दिवशी आल्या, तोवर मी जागा दोनदा बदलायला निघालो होतो, बायकोने हात धरला म्हणून वाचलं. आणि झोका? यंदा बहिणीला आधीच फोन करून विचारलंय, कोणती फांदी पाहिजे.