अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी टोपी : वीण आधी कागदावर

पहिल्या खेपेला मी हौसेने बारा टोप्या विणून एका रुग्णालयात नेल्या. गोंडे, सॅटिनच्या रिबिनी, सगळं साग्रसंगीत. नवजात विभागातल्या सिस्टरनी एक टोपी मुठीवर चढवून पाहिली आणि म्हणाल्या, "ताई, छान आहेत हो, पण आमची बाळं एवढी मोठी झाली की घरी जातात."

तेव्हा पहिलं काम म्हणजे फोन करून विचारणं. कोणतं माप, कसला धागा, किती नग? काही ठिकाणी बाहेरून आलेले कपडे घेतच नाहीत, तेही आधीच कळतं.

धागा मऊ ॲक्रिलिक किंवा सुती घ्या. टोप्या गरम पाण्यात धुतल्या जातात आणि त्यात शुद्ध लोकर आटून घट्ट होते. केस सुटणारी लोकर तर नकोच. गोंडे, बटणं, रिबिनी यांना कायमची सुट्टी.

आता माप. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३६ सेंमी असतो, गरोदरपणाच्या ३२ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाचा २९ च्या आसपास आणि २८ आठवड्यांना जन्मलेल्याचा २६ च्या. वीण ताणली जाते, म्हणून टोपी घेरापेक्षा दोनेक सेंमी कमीच ठेवायची. आपण २९ चा घेर धरू, म्हणजे टोपी २७ ची.

८ नंबरच्या (४ मिमी) सुयांवर ३० टाके घालून १२ सेंमी उंचीचा चौकोन साध्या विणीत (सुलट बाजूने सुलट, परतीला उलट) विणा. कंटाळा येतो, मान्य, पण याला पर्याय नाही. तो धुवा, वाळवा आणि कडा सोडून मधल्या १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. माझे २२ येतात, म्हणजे सेंमीला २.२. आता २७ × २.२ = ५९.४. काठाला दोन सुलट-दोन उलट वीण हवी, म्हणून चारच्या पाढ्यातला जवळचा आकडा ६०. वर शिवणीसाठी दोन, एकूण ६२. तुमचा हात सैल असेल तर आकडे बदलतील, हिशोब मात्र हाच.

ओळ दोन सुलटने सुरू करून दोन सुलटनेच संपवा. परतीच्या ओळीत टाका दिसेल तसा विणा. शिवताना दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो, उरलेले दोन शेजारी येतात आणि काठाची रांग कुठेही तुटत नाही. हे जमलं की फार बरं वाटतं!

काठ ४ सेंमी, मग ५ सेंमी साधी वीण (सुलट बाजूने सुलट, परतीला उलट). त्यानंतर डोकं मिटवायचं. १ सुलट, मग (८ सुलट, २ टाके एकत्र) असं सहा वेळा, शेवटी १ सुलट. टाके ५६ झाले. परतीची ओळ उलट. पुढच्या सुलट ओळीत ८ च्या जागी ७, मग ६, असं दर सुलट ओळीत सहा टाके कमी करत १४ पर्यंत या. धागा लांब तोडून दाभणाने त्या १४ टाक्यांतून ओवा, ओढून घट्ट करा आणि त्याच धाग्याने बाजू शिवून टाका. गाठी बाहेरच्या बाजूला नकोत आणि आतही टोचायला नकोत. टोकं विणीत मुरवा.

बसते की नाही हे पाहायला बाळ कुठून आणायचं? सोललेला नारळ घ्या, टेपने घेर मोजा. माझ्याकडचा ३० भरला.

वीण कागदावर नीट उतरवून शेजारणीला द्या आणि ती विणत असताना तोंडाला कुलूप लावा. माझ्या कागदावर "परतीची ओळ उलट" हे लिहायचंच राहिलं होतं. तिने दोन्ही बाजूंनी सुलट विणत नेलं आणि टोपी नारळाच्या डोक्यावर आखूड बसली.

तयार टोप्या बिनवासाच्या साबणाने धुऊन, मापानुसार वेगळ्या पिशव्यांत भरा. चिठ्ठीवर घेर आणि धाग्याचा प्रकार लिहा. लोकर किंवा टोप्या डांबराच्या गोळ्यांच्या कपाटात मात्र अजिबात ठेवू नका. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनने फुटतात आणि कावीळ वाढते. माझ्या कपाटातली जुनी लोकर मी या कामाला वापरत नाही ती त्यामुळेच. तिचे पायपुसणे झाले.