‘रिव्ह्यू’चं बटण दाबण्याआधी: बंद पडलेल्या जाहिरात खात्यासाठी तयारीची यादी

फेसबुक-इन्स्टाग्रामचं जाहिरात खातं बंद पडलं की पहिल्या तासाभरात केलेली घाईच पुढे महागात पडते, हे या धंद्यात वारंवार पाहायला मिळतं. स्क्रीनवर लाल पट्टी येते, शेजारी ‘रिक्वेस्ट रिव्ह्यू’चं, म्हणजे फेरतपासणी मागायचं, बटण असतं आणि बोट आपोआप तिकडे जातं. बटण कुठे पळून जात नाही. वैयक्तिक प्रोफाइल निलंबित झालं तरी दाद मागायला मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी, १८० दिवस देते. फेरतपासणी एकदा फेटाळली गेली, तर पुन्हा मागायची सोय मात्र बरेचदा उरत नाही. तेव्हा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी तोंडावर आल्या असोत की देवगडहून हापूसच्या पेट्या निघायच्या असोत, एक अख्खी संध्याकाळ कागदपत्रं जमवायला काढा आणि मगच अर्ज करा.

आधी नेमकं काय बंद झालंय ते बघा. ‘आमचं फेसबुक अ‍ॅड बंद झालं’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: तुमच्या वैयक्तिक प्रोफाइलला जाहिरात करायला घातलेली बंदी, पेजवरची बंदी, अ‍ॅड अकाउंट बंद होणं, किंवा अख्खा बिझनेस पोर्टफोलिओ (धंद्याची पेजं, अ‍ॅड अकाउंट आणि ती सांभाळणारी माणसं एकत्र ठेवायची जागा, पूर्वीचा बिझनेस मॅनेजर) बंद होणं. ‘बिझनेस सपोर्ट होम’ उघडलंत (याला आधी ‘अकाउंट क्वालिटी’ म्हणायचे) तर प्रत्येकाची स्थिती वेगवेगळी दिसते. हे का बघायचं, तर बंदी फक्त प्रोफाइलवर असेल तर अ‍ॅड अकाउंटची कितीही वकिली केली तरी उपयोग नाही. अर्ज त्या प्रोफाइलसाठीच करावा लागतो. पोर्टफोलिओच बंद असेल तर त्याखालचं सगळंच अडकतं. स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असे. अ‍ॅड अकाउंटचा लांबलचक क्रमांक, पोर्टफोलिओचा क्रमांक आणि ज्या धोरणाचा भंग झाला म्हणतात त्याचं नाव, जसं लिहिलंय तसंच, एका कागदावर उतरवून घ्या. लीड फॉर्म चालवत असाल तर आलेली नावं-नंबर लगेच डाउनलोड करा. ती ९० दिवसांनंतर मिळत नाहीत.

मग विचारायचा प्रश्न: खातं कुणाच्या नावावर आहे? इथे भले भले अडकतात. दुकान तुमचं, पैसे तुमचे, पण अ‍ॅड अकाउंट उघडलेलं असतं पुण्यातल्या कुठल्याशा एजन्सीच्या पोर्टफोलिओत, नाहीतर ‘तो मुलगा सगळं बघतो’ त्या मुलाच्या प्रोफाइलवरून. शेत कुणी कसलं याला इथे काडीची किंमत नाही, सातबारा कुणाच्या नावावर आहे तेच बघतात. मालक पोर्टफोलिओ दुसऱ्याचा असेल तर अर्जही त्यांनाच करावा लागतो, आणि त्यांच्या दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या भानगडीमुळे अख्खा पोर्टफोलिओ बंद झाला असेल तर तुमच्या हातात फार काही नसतं. तेव्हा पोर्टफोलिओच्या सेटिंगमध्ये जाऊन मालक म्हणून कोणाचं नाव आहे, अ‍ॅडमिन कोण कोण आहेत, सोडून गेलेला माणूस अजून यादीत आहे का, हे तपासा. एजन्सीला काम द्यायचं तर खातं आपल्या पोर्टफोलिओत ठेवून त्यांना पार्टनर म्हणून प्रवेश देता येतो. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून काम चालवायची पद्धत बंदच झाली पाहिजे. एकच प्रोफाइल सकाळी सांगलीतून, दुपारी पुण्यातून आणि रात्री कुणाच्या तरी व्हीपीएनवरून उघडलं गेलं तर यंत्रणेला ते चोरीसारखं दिसतं, आणि यात यंत्रणेची चूक आहे असं मला वाटत नाही.

आता कागद. ओळख पटवायला मेटा कधी फोनवर कोड पाठवते, कधी सरकारी ओळखपत्राचा फोटो मागते, कधी चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ. पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, यांपैकी जे असेल त्याचा चारही कोपरे दिसतील असा, फ्लॅशची चमक नसलेला फोटो काढून ठेवा. खरी अडचण नावाची असते. आपल्याकडे प्रोफाइलवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं, प्रोफाइलवर ‘दादा’ किंवा ‘पाटील सरकार’ आणि पॅनवर वडिलांच्या नावासकट तीन शब्द, असा प्रकार सर्रास असतो. काहींनी तर वैयक्तिक प्रोफाइललाच दुकानाचं नाव दिलेलं असतं. नावं जुळवून घ्या, पण विचार करून: एकदा बदललेलं नाव ६० दिवस पुन्हा बदलता येत नाही. जन्मतारीखही बघा, खातं उघडताना कुणीतरी गमतीत १ जानेवारी टाकलेली असते. आधार द्यावंच लागलं आणि पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार चालत असेल तर तेच द्या. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळतं.

धंद्याच्या कागदांत जीएसटी प्रमाणपत्र सगळ्यात उपयोगी पडतं. ते नसेल तर उद्यम नोंदणी, शॉप अ‍ॅक्टचा कागद, बँकेचं स्टेटमेंट, दुकानाच्या नावाचं वीजबिल किंवा फोनबिल. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा परवाना किंवा नोंदणीही जवळ ठेवा. कागदावरचं नाव आणि पत्ता, पोर्टफोलिओतला पत्ता आणि वेबसाइटवरचा पत्ता हे तिन्ही एकसारखे हवेत. ‘रोड’ आणि ‘मार्ग’ असा फरक निघाला तरी बदलून एकसारखं करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

पैशाची बाजू लोक शेवटी बघतात, ती आधी बघा, कारण पुष्कळदा दुखणं तिथेच असतं आणि इलाजही सोपा असतो. कार्डमधून रक्कम वळती झाली नाही, बाकी साठली आणि खातं थांबलं, एवढीच गोष्ट असू शकते. बाकी भरली की अशी खाती बहुधा चालू होतात, फेरतपासणीची गरजही पडत नाही. रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. तेव्हा दर वेळी ओटीपी न घेता कार्डातून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमेवर ५,००० रुपयांची मर्यादा आली, ती जून २०२२ मध्ये १५,००० झाली. याआधी मुकाट्याने चालणारी कितीतरी कार्डं त्या सुमारास नापास व्हायला लागली. म्हणून आपल्याकडच्या लहान धंद्यांना यूपीआय किंवा नेटबँकिंगने आधी पैसे भरून जाहिरात चालवणं जास्त सोयीचं पडतं. कार्ड कुणाचं आहे तेही तपासा. मेव्हण्याचं कार्ड, मित्राचं कार्ड, एकच कार्ड पाच खात्यांत, असलं काही असेल तर ते काढून धंद्याच्या किंवा स्वतःच्या नावाचं लावा. गेल्या काही महिन्यांच्या पावत्या उतरवून घ्या. आणि रागाच्या भरात बँकेकडे ‘हा व्यवहार माझा नाही’ अशी तक्रार मुळीच करू नका. व्यवहार खरोखर तुमचा असेल तर त्या तक्रारीनेच खातं कायमचं बंद व्हायची पाळी येईल.

व्यवहार खरोखर तुमचा नसेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे मात्र घाई करायचीच. पोर्टफोलिओत अनोळखी अ‍ॅडमिन, परदेशात चालू असलेली आणि तुम्ही कधीच न बनवलेली कॅम्पेन, एका रात्रीत उडालेला महिन्याचा खर्च, ही खातं चोरीला गेल्याची खूण. पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट करा, दुहेरी पडताळणी अ‍ॅपवर लावा, अनोळखी माणसं काढा, ब्राउझरमधली फुकटची एक्स्टेन्शन उडवा. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा; रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेची आणि ग्राहकाची दोघांचीही चूक नसलेल्या फसवणुकीत ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार पडत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, तक्रार नोंदणीचा क्रमांक घ्या. तो क्रमांक पुढे फेरतपासणीच्या अर्जातही कामाला येतो.

कागद आणि पैसे ठीक असतील तर आपल्याच जाहिराती परक्याच्या नजरेने वाचायला बसा. मागच्या दोन-तीन महिन्यांत काय काय नाकारलं गेलं ते काढा. बंदी एका जाहिरातीमुळे वाटली तरी बरेचदा नाकारलेल्यांची रांगच लागलेली असते. वाचणाऱ्याच्या अंगाला चिकटवलेली वाक्यं शोधा. ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’, ‘कर्जात बुडालात?’ असं थेट विचारणं मेटाला चालत नाही. ‘मधुमेह असलेल्यांसाठी नाचणीचे लाडू’ यात अडचण कमी. वजन घटवल्याचे आधी-नंतरचे फोटो काढून टाका. आयुर्वेदिक औषधवाल्यांनी तर मेटाच्या धोरणाआधी १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा वाचावा: मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा बरा करण्याचा दावा तिथेच निषिद्ध आहे. फ्लॅट विकणं, कर्ज देणं, नोकरभरती यांसाठी जाहिरात बनवताना काही देशांत विशेष वर्ग निवडावा लागतो, तो तुम्हाला लागू होता का आणि असल्यास निवडला होता का ते पाहा. शेअर बाजाराच्या टिप्स देणाऱ्यांकडे सेबीची नोंदणी नसेल तर त्यांनी अर्ज करायच्या भानगडीत पडू नये. ‘भावी नगरसेवक’ म्हणून साहेबांचा फोटो बूस्ट करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही सांगायला हवं, की राजकीय जाहिरातीला आधी ओळख पडताळणी आणि पैसे कोणी दिले याची ओळ लागते. भारतात ही अट २०१९ च्या लोकसभेआधीपासून आहे.

जाहिरात जिथे नेते ते पानही तपासा. मोबाइलवर उघडतं का, किंमत जाहिरातीतलीच आहे का, पत्ता, फोन आणि माल परत घेण्याचे नियम आहेत का. ‘फर्स्ट कॉपी’ घड्याळं-बूट विकत असाल तर ही यादी इथेच मिटवा. तो माल बनावट आहे आणि कुठलाही अर्ज त्याला वाचवणार नाही.

एवढं झालं की अर्जाचा मजकूर आधी वहीत लिहा. लिहायला जागा मिळेलच असं नाही, काही वेळा नुसतं बटणच असतं, पण मिळाली तर ती थोडी असते. सोप्या इंग्रजीत, पाच-सहा वाक्यं. आशय असा: येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे, अमुक क्रमांकाचं खातं अमुक तारखेला अमुक धोरणाखाली बंद झालं, तपासल्यावर अमुक जाहिरातीतलं अमुक वाक्य नियमात बसत नाही हे दिसलं, ती जाहिरात आता चालवणार नाही, वेबसाइटवर परतीचे नियम टाकले आहेत, जीएसटी प्रमाणपत्र जोडलं आहे, कृपया पुन्हा तपासावं. दोष सापडलाच नाही तर तसंही स्पष्ट लिहा, उगाच कबुली देऊ नका. ‘तो शेजारचा दुकानदार तर हेच चालवतो’ हे वाक्य खोडा. घरची परिस्थिती, कामगारांचे पगार, आपण किती लाख खर्च केले, हेही खोडा. वाचणारा माणूस असेल तर त्याला यातलं काही ठरवायचं नसतं, आणि यंत्र असेल तर प्रश्नच मिटला.

अर्ज गेल्यावर उत्तर दोन दिवसांत येऊ शकतं, कधी आठवडेही लागतात. या काळात घरातल्या दुसऱ्या कुणाच्या प्रोफाइलवरून नवं खातं उघडून त्याच पेजची जाहिरात चालवायचा मोह होतो. बंदी चुकवणं हा मेटाच्या लेखी स्वतंत्र गुन्हा आहे, आणि कार्ड, फोन, पेज एकच असल्यामुळे तो पकडलाही जातो. मग बायकोचं प्रोफाइलही जातं आणि मूळ अर्जही बिघडतो. जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा, फोन करा, पेजवर रोज साधी पोस्ट टाका. याच दिवसांत मेसेंजरवर ‘मेटा सपोर्ट’ नावाची माणसं येतील, तुमचं पेज २४ तासांत उडणार म्हणतील आणि लिंक देतील. खरी पत्रं अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्ड आणि सुरक्षेखाली ‘रिसेंट ईमेल्स’मध्ये दिसतात, तिथे नसेल तर ते पत्र खोटं. ‘आतली ओळख आहे, पाच हजारांत खातं सोडवून देतो’ म्हणणाऱ्याला ओटीपी तर सोडाच, चहाही पाजू नका.

नकार आला तरी एक वाट राहते, ती फारसं कुणी वापरत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मेटाला भारतात तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. ती निकाली काढायला मूळ नियमांत १५ दिवसांची मुदत होती. त्या अधिकाऱ्याकडे स्क्रीनशॉट, क्रमांक आणि कागद जोडून तक्रार करा. उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. या समित्या २०२३ पासून काम करतात, वकील लावावा लागत नाही. खातं परत मिळेलच असं नाही, पण तुमचं प्रकरण कंपनीच्या बाहेर कुणीतरी वाचतं.

खातं सुटलं तर त्याच रात्री सगळ्या कॅम्पेन चालू करू नका. पूर्वी बिनबोभाट चाललेली एकच जाहिरात घ्या, दिवसाला दोन-तीनशे रुपयांवर चार-पाच दिवस चालू द्या, मग वाढवा. विश्वासातला दुसरा अ‍ॅडमिन जोडा, त्यालाही दुहेरी पडताळणी लावायला सांगा, आणि जमवलेले कागद एका फोल्डरमध्ये ठेवून त्याचा पत्ता घरात आणखी एकाला सांगून ठेवा.